ई२०: दर तोच, अ‍ॅव्हरेज कमी आणि निवडीला जागा नाही. पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

तसेच, सरकारी तेल कंपन्यांचे सर्व अध्यक्ष

महोदय,

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५मध्ये, ४ आणि १२ तारखेला, आपल्या मंत्रालयाने ई२०बद्दल, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून बनणारं इथेनॉल २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, दोन निवेदनं काढली. दोन्ही मी सावकाश वाचली. अ‍ॅव्हरेज घटल्याची ओरड अतिशयोक्त आहे, ऑक्टेन वाढल्यामुळे गाडी उलट चांगली पळते, काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील पण तो खर्च किरकोळ आहे, आणि साध्या पेट्रोलकडे परत जाणं म्हणजे कमावलेलं घालवणं, असा एकूण सूर. पुढे १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. कोर्टातला विषय तिथे मिटला असेल. पंपावर मात्र तो रोज निघतो, आणि तिथे उत्तर द्यायला फक्त नोझल धरलेला पोरगा असतो. त्याला विचारून उपयोग नाही म्हणून आपल्याला लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो, कारण या विषयावर तोंड उघडलं की पहिला प्रश्न तोच येतो. मी सांगली जिल्ह्यातला. मिरज तालुक्यात आमचा घरचा ऊस आहे, तो भाऊ बघतो. मी ठिबकचं सामान विकतो. त्यासाठी मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत असा सगळा पट्टा माझ्या २०१५ सालच्या पेट्रोल गाडीने पालथा घालतो. कंपनी मला किलोमीटरच्या हिशेबाने भत्ता देते. तो हिशेब गाडीचं अ‍ॅव्हरेज गृहीत धरून कधीतरी ठरला, त्यामुळे अ‍ॅव्हरेज जेवढं घसरतं तेवढं थेट माझ्या खिशातून जातं.

म्हणजे इथेनॉलचा पैसा आमच्या घरात येतो आणि इथेनॉलमुळेच जातोही. गडकरीसाहेब सप्टेंबरात म्हणाले की ई२०विरुद्धची मोहीम पैसे देऊन चालवली जातेय. मला कुणी दिले नाहीत. दिले असते तर आधी क्लच प्लेट बदलून घेतली असती.

आणखी एक. ही योजना आम्हाला परकी नाही. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले, त्यात एक उत्तर प्रदेशात बरेलीकडे, एक मनमाडला आणि एक आमच्या मिरजेत. ५ टक्के मिसळलं तेव्हा इथे कुणी हूं की चूं केलं नाही. जून २०२२मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठला, तेव्हाही नाही. तक्रार सुरू झाली ती २० टक्क्यांना. तेव्हा लोक इथेनॉलला विरोध करतायत हे म्हणणं सोडून द्यावं आणि २०ला काय बदललं ते बघावं.

आता तक्रारी.

पहिली, अ‍ॅव्हरेजची. यात वाद घालण्यासारखं काही नाही, कारण हे गणित शाळेतलं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे तिसरा हिस्सा कमी. लिटरभर पेट्रोलमधला पाचवा भाग काढून तिथे इथेनॉल घातलं की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इंजिन कितीही शहाणं असलं तरी टाकीत नसलेली ऊर्जा ते कुठून आणणार? नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१च्या अहवालात हेच लिहिलं होतं: साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना ई२०वर ६ ते ७ टक्के फटका, तशाच दुचाकींना ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के. आपल्या मंत्रालयाने निवेदनात आकडे थोडे खाली आणले, पण जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के तरी मान्य केलेच.

मग अतिशयोक्ती कुणाची? समाजमाध्यमांवर कुणी २० टक्के, कुणी ३० टक्के घट सांगतो. ते मलाही पटत नाही. ट्रॅफिक, एसी, टायरमधली हवा, सगळं इथेनॉलच्या नावावर खपवलं जातं. पण त्यांची फुगवलेली संख्या खोडून काढताना खरी संख्याही "नगण्य" म्हणून झटकली गेली, हे मला खटकतं. माझी गाडी हायवेला १८च्या पुढे द्यायची. आता १७ला रडते. लिटरला १०४ रुपयांच्या आसपास दर धरला तर हजार किलोमीटरमागे ३४० रुपये जास्तीचे जातात. टाकी ३५ लिटरची. पूर्वी एका टाकीत ६३० किलोमीटर धरायचो, आता ५९५. ज्याला दिल्लीत चौकाचौकात पंप दिसतो त्याला हे ३५ किलोमीटर नगण्य वाटतील. जतच्या पूर्वेला एखाद्या गावात संध्याकाळी काटा खाली टेकलेला असताना ते नगण्य नसतात.

दुसरी तक्रार दराची, आणि माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. ज्या अहवालाच्या जोरावर २० टक्क्यांची मुदत २०३०वरून अलीकडे ओढली, त्याच अहवालात असंही म्हटलंय की जास्त इथेनॉलच्या पेट्रोलचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई ग्राहकाला होईल. सरकारने त्यासाठी करसवलतीचा विचार करावा. अहवालातली मुदत घेतली, सवलत ठेवून दिली.

आपलं उत्तर मी वाचलंय. तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता महाग झालंय. जुलै २०२५अखेर सरासरी खरेदी ७१ रुपये ३२ पैसे लिटर. ठीक आहे, तेल कंपन्यांना ते महाग पडत असेल. पण पंपावरचा १०४चा आकडा काही निव्वळ मालाचा दर नाही, त्यात करांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ठरावीक रक्कम वेगळी. व्हॅट लिटरवर लागतो, किलोमीटरवर नाही. तेवढंच अंतर कापायला मी जास्त लिटर जाळले की राज्याच्या तिजोरीत जास्त पैसे जातात. म्हणजे समितीने करात सूट सुचवली होती आणि प्रत्यक्षात माझा कर वाढला. याला भरपाई म्हणत नाहीत. मुंबईत बसलेल्या अर्थमंत्र्यांनाही या परिच्छेदाची प्रत पाठवतोय.

तिसरी तक्रार ऑक्टेनची. इथे जरा थांबतो, कारण घोळ सगळ्यात जास्त इथेच आहे आणि तो मिटवण्याऐवजी निवेदनांनी वाढवलाय.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग स्पार्क पडतो. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकलं तर इंजिन नॉक करतं. भरल्या गाडीने घाट चढताना गिअर वरचा राहिला की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो हा. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की पेट्रोल अशा अवेळी भडकण्याला किती दाद देत नाही. त्यात ऊर्जा किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याच निवेदनात इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आणि मूळ पेट्रोलचं ८४.४ दिलंय. ज्याचं ऑक्टेन इतकं जास्त त्याच्यात ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने कमी, याहून वेगळा पुरावा काय हवा?

जास्त ऑक्टेनचा फायदा होतो, पण ज्या इंजिनाला तो घेता येतो त्याला. ज्यात दाब जास्त आहे, टर्बो आहे, किंवा स्पार्कची वेळ पुढेमागे करण्याइतकी ज्याच्या संगणकाला मोकळीक दिलीय, ते इंजिन ९५ ऑक्टेनवर खरंच तरतरीत चालेल. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ई२० सोसणारे, आणि एप्रिल २०२५पासूनच्या गाड्यांची इंजिनंही ई२०साठी जुळवलेली, असं वेळापत्रक सरकारनेच लावलं होतं. त्या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्त्यावर त्यांच्या आधीच्या गाड्या कितीतरी जास्त आहेत. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात ९१ ऑक्टेन पुरे असं छापलंय आणि त्याच पानावर इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असंही छापलंय. पहाटे दुधाचे कॅन लावून निघणारी कार्ब्युरेटरची मोटरसायकल तर ९१ काय आणि ९५ काय, दोन्हीवर सारखीच चालते. तिला वाढलेलं ऑक्टेन कळतच नाही. घटलेली ऊर्जा मात्र तिच्या मालकाला कळते. अशा माणसाला "तुमचं पेट्रोल आता ९५ ऑक्टेनचं झालंय" हे सांगून घटलेल्या अ‍ॅव्हरेजचं समाधान करू नका.

यातून पंपावर एक गंमत झालीय. गाडी उभी राहिली की पोरगा विचारतो, "साधं टाकू की पॉवर?" हे "पॉवर" म्हणजे महागडं, ९५ ऑक्टेन म्हणून विकलं जाणारं पेट्रोल. लिटरमागे काही रुपये जास्त. आता आपलं निवेदन म्हणतं की ई२०मुळे साधं पेट्रोलही ९१वरून ९५वर गेलं. तसं असेल तर वरचे रुपये कशाचे? त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, मान्य. मग पाटीवर रसायनांचं नाव लिहा, ऑक्टेनचं कशाला? स्कूटरवाल्या बाया, कॉलेजची पोरं "पॉवर टाका" म्हणून जास्तीचे पैसे मोजतात. त्यातल्या बहुतेकांच्या गाड्यांना त्या ९५चा कवडीचा उपयोग नाही. हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचं कमिशन त्यावर आहे की नाही हेही कुणी सांगत नाही.

आणि ज्याला इथेनॉल नकोच आहे त्याने काय करायचं? पेट्रोलवाल्यांत कुजबुज चालते की अमुक कंपनीचं १०० ऑक्टेनचं घ्या, त्यात इथेनॉल नसतं. त्याचा दर लिटरला दीडशेच्या वर, आणि ते मिळतं मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर. म्हणजे जुनी मारुती किंवा जुनी बुलेट जपणाऱ्या माणसाने, १० टक्के इथेनॉल चालत असूनही, इंजिनाला न लागणाऱ्या १०० ऑक्टेनचे पैसे भरायचे. सोय अशी नसते, महोदय.

चौथी तक्रार पाटीची. माझ्या टाकीत काय जातंय हे मला पंपावर वाचता यायला हवं. कुठे ई२०चं स्टिकर असतं, कुठे ते उन्हाने पांढरं पडलेलं असतं, कुठे नसतंच. पावतीवर घनता येते, दर येतो, गाडीचा नंबर येतो, इथेनॉलची टक्केवारी येत नाही. खाद्यतेलाच्या पिशवीवर मिश्रण लिहिलं नाही तर अन्न खातं दंड करतं.

बाहेर काय चालतं ते फार लांबवत नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१मध्ये १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वसाधारण केलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं आणि आपली गाडी कुठल्यावर चालेल हे तपासायची सोय सरकारी संकेतस्थळावर करून दिली. युरोपात २०१८पासून नोझलवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर एकच खूण असते: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन, गोलात इथेनॉलचा आकडा. अक्षर न ओळखणारालाही चुकता येणार नाही. ब्राझीलचं उदाहरण तर आपण सगळेच देता. ऑगस्ट २०२५पासून तिथे पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, खरं. पण त्याच पंपावर निव्वळ इथेनॉलही वेगळ्या दराने मिळतं, २००३पासून तिथल्या गाड्या दोन्हींवर चालतील अशा बनतात, आणि तिथला टॅक्सीवाला मनातल्या मनात हिशेब करतो की इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं. कमी ऊर्जेचा माल कमी दराला, आणि घ्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार. ब्राझीलकडून टक्केवारी तेवढी घेतली आणि हे तिथेच राहिलं.

पाचवी तक्रार टाकीची. ही थेट इथेनॉलची नाही, पण अविश्वासाचं मूळ इथे आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे पंपावर भांडण झालं की बहुतेक वेळा ते एकाच कारणाने होतं: "माझी टाकी ३५ची, तुम्ही ३८ लिटर कसं भरलं?" लगेच मोबाईल निघतात, व्हिडिओ होतो, पंपवाला चोर ठरतो. काही पंपवाले आहेतही तसे. पण गाडीच्या कागदावर असते ती ठरवून दिलेली क्षमता. पेट्रोल उन्हात फुगतं, त्याची वाफ धरते, त्यासाठी टाकीत वर मोकळी जागा सोडलेली असते, शिवाय भरायची नळी असते. नोझल एकदा कट झाल्यावरही "अजून टाक, गोल कर" म्हणत राहिलं की पेट्रोल त्या मोकळ्या जागेत चढतं. आकडा ३५च्या वर जातो आणि वाफ धरणारा कोळशाचा डबा भिजून खराब होतो, ते वेगळंच. हे वाहन कंपन्यांनी माहितीपुस्तकात दोन ओळींत लिहिलं आणि आपण पंपावर लावलं तर निम्मी भांडणं थांबतील. उरलेल्यांसाठी पाच लिटरचं माप आहेच. ग्राहकाने मागितलं की दाखवायचं, पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, असा नियम आहे. एका पंपावर मी ते मागितलं तर मॅनेजर म्हणाला, "माप कपाटात आहे, किल्ली मालकाकडे, मालक पुण्याला." लोक ११० रुपयांचं, २१० रुपयांचं पेट्रोल का मागतात याचं उत्तर या किल्लीत आहे. त्या आडनिड्या आकड्याने मापात काही फरक पडत नाही हे मला माहीत आहे, पण ज्याला माप दिसत नाही तो तोडगेच शोधणार.

अ‍ॅव्हरेज कमी झालं की अशा माणसाला पहिला संशय मापावर येतो. ई२०ची घट आपण नगण्य म्हणून झटकली, त्याचं पाप निम्मं प्रामाणिक पंपवाल्यांच्या माथी गेलं.

सहावी तक्रार रबराची. "स्वस्त आहे, सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने एकदा गॅरेजच्या पायरीवर बसावं. पावसाळ्यात माझी गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. मिरजेतल्या मेकॅनिकने फ्यूएल पंपाचं झाकण काढलं आणि आतली रबराची रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. मऊ पडलेली, फुगलेली; नख दाबलं तर खूण तशीच राहत होती. शेजारी नवी ठेवली तेव्हा जुनी तिच्यापेक्षा उघड मोठी दिसली. मेकॅनिक सरळ माणूस आहे, म्हणाला, "गाडी दहा वर्षांची आहे, एकट्या इथेनॉलवर ढकलणार नाही. पण अशा रिंगा पूर्वी एवढ्या यायच्या नाहीत." रिंग खरंच चाळीस रुपयांची होती. पण तिच्यासाठी टाकी उतरवायची मजुरी, गाडी उभी राहिली तो दिवस आणि बुडालेली वसुली हे तिच्या पाकिटावर छापलेलं नसतं. शिवाय पाईप, गॅस्केट, इंजेक्टर काय काय बदलायचं याची मॉडेलनिहाय यादी कुणीच दिलेली नाही. मेकॅनिकला जे दिसेल ते तो बदलतो.

सातवी, आणि शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला सगळ्यात जास्त लागणारी. ई२०वर प्रश्न विचारला की उत्तर येतं, "शेतकऱ्याचं भलं होतंय." अकरा वर्षांत १ लाख ४४ हजार कोटींचं परकीय चलन वाचलं, असं आपण सांगता. मी ते नाकारत नाही. डिस्टिलरी असलेल्या कारखान्याचं बिल वेळेवर येतं आणि नसलेल्याचं रखडतं, हे आम्ही बघितलंय. आधी ऊस साखरेच्या दरावर लटकलेला असायचा, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, हे इथेनॉलचं मोठं काम.

पण पुढचे आकडेही तेवढेच खरे आहेत. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा खरेदी दर २०२२-२३ला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, २०२५-२६लाही तेवढाच राहिला. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, टनाला ३,०५० रुपयांवरून ३,५५० झाली. कारखान्याने वाढीव ऊसदर कुठून द्यायचा? त्यात डिसेंबर २०२३ला पाऊस कमी म्हणून उसाच्या रसाच्या इथेनॉलवर एका रात्रीत बंधन आणलं. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली त्यांची टाकी रिकामी, हप्ते चालू. ती पोकळी मक्याने भरली. आता २०२५-२६साठी तेल कंपन्यांनी दिलेल्या वाटपात साखर उद्योगाच्या वाट्याला तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी इथेनॉल आलंय, बाकी मका आणि तांदूळ. मक्याचा दर चढला तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले कोंबडीवाले कपाळाला हात लावून बसले होते.

मग माझ्या घराचा हिशेब असा होतो: मी पंपावर पूर्ण दर देतो आणि कमी किलोमीटर घेतो, भाऊ ज्या कारखान्याला ऊस घालतो त्याला इथेनॉलचा तीन वर्षांपूर्वीचा दर मिळतो. दोघांचं नाव पुढे करून जे कुणी समाधानी आहेत त्यांनी आम्हाला तरी सांगावं की फरक कुठे मुरतोय. शेतकऱ्याचं नाव घ्यायचं तर त्याचा दर वाढवा. शेतकरीही मोटरसायकलवरच फिरतो.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पूर्वी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसायचं, वरचं पेट्रोल बरं असायचं. आता पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेलं की इथेनॉलच पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली जातं. कोकणात आणि आमच्याकडच्या पुराच्या पट्ट्यात, जिथे २०१९ला आणि २०२१ला कृष्णेचं पाणी रस्त्यांवर होतं, तिथल्या पंपांच्या टाक्यांची पावसाळ्यात खास तपासणी व्हायला हवी. ती होते का, हे ग्राहकाला दिसायला हवं.

मागण्या सरळ आहेत. इथेनॉल बंद करा असं यात कुठेही नाही.

१. ई२०चा किरकोळ दर त्यातल्या कमी ऊर्जेच्या प्रमाणात कमी करा. सहा टक्के मान्य नसतील तर आपण स्वतः मान्य केलेल्या आकड्यांच्या मधोमध धरा, पण शून्य धरू नका. केंद्र आणि राज्याने तो भार करातून उचलावा.

२. २०२३च्या आधीच्या गाड्यांसाठी प्रत्येक तालुक्यात किमान एका पंपावर १० टक्के इथेनॉलचं, ९१ ऑक्टेनचं पेट्रोल ठेवा. या गाड्या भंगारात जाईपर्यंत पुरे.

३. प्रत्येक नोझलवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, दोन आकडे लिहा: इथेनॉल किती टक्के आणि ऑक्टेन किती. तेच दोन आकडे पावतीवर छापा. १०० ऑक्टेनच्या पेट्रोललाही हे लागू करा.

४. महागड्या पेट्रोलची जाहिरात करताना ते कुठल्या इंजिनाला उपयोगी आहे आणि कुठल्याला नाही, हे लिहिणं बंधनकारक करा.

५. ज्या चाचण्यांच्या आधारे घट किरकोळ असल्याचं आपण म्हणता, ते अहवाल पूर्ण जाहीर करा: कुठली मॉडेलं, किती जुनी, किती किलोमीटर. त्या चाचण्यांतल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं मुख्यालय आमच्या पुण्यातच आहे, त्यामुळे अहवाल मराठीत मिळायलाही अडचण नसावी.

६. वाहन कंपन्यांकडून मॉडेलनिहाय लेखी यादी घ्या: कुठले भाग बदलायचे, खर्च किती, वॉरंटी चालू राहील की नाही. वॉरंटी पाळू असं उत्पादकांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलंय, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माहितीपुस्तकातलं "१० टक्क्यांपर्यंत" हेच पुढे येतं. टाकीची ठरलेली आणि काठोकाठ, दोन्ही क्षमताही याच यादीत द्या.

७. पाच लिटरचं माप काउंटरवर, ग्राहकाला दिसेल असं ठेवा. किल्ली मालकाकडे नको.

८. उसापासूनच्या इथेनॉलचा खरेदी दर एफआरपीला जोडा. एफआरपी वाढेल त्या वर्षी तोही वाढावा.

९. आपल्याच निवेदनाप्रमाणे ई२०ची सध्याची बांधिलकी ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे आणि पुढचं आंतरमंत्रालयीन समितीच्या अहवालावर ठरणार आहे. २७ किंवा ३० टक्क्यांचा विचार करण्याआधी त्या समितीने जनसुनावण्या घ्याव्यात. त्यातली एक मिरजेत घ्या. ऊसवाले, पंपवाले, मेकॅनिक आणि गाडीवाले असे चौघेही एका हॉलमध्ये मिळतील.

या पत्राला उत्तर आलं तर तेही मी याच ठिकाणी, काहीही न गाळता, प्रसिद्ध करेन.

आपला,
मिरज तालुक्यातला एक ऊसवाला आणि जुन्या पेट्रोल गाडीचा मालक

प्रत: अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, नियंत्रक, वैधमापनशास्त्र विभाग, महाराष्ट्र, सांगली जिल्ह्यातील सर्व लोकप्रतिनिधी